न तुडवलेला बांध

आमच्या घराला ओटी एक होती आणि चुली दोन. उजव्या अंगाला आम्ही, डाव्या अंगाला दामूकाका, म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, काकी आणि त्यांची पोरं. मधली भिंत कुडाची, त्यामुळे पलीकडे सुकट भाजली की आमच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि आमच्याकडे भांडण लागलं की पलीकडची भांडी घासायची थांबायची. भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला लूमची खडखड आठवते. आम्ही अंजूरचे. आमच्याकडे ऐकू यायची ती खाडी. भरती चढायला लागली की बांधातल्या उघाडीची लाकडी झडप धाडकन मिटायची, आणि तो आवाज घरापर्यंत आला की आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "आयली." खारं पाणी बाहेर राहिलं, आता जेवायला हरकत नाही, एवढा त्याचा अर्थ. आम्ही जेवायला बसायचो. तांदळाची भाकरी, खाडीतल्या निवट्या माशांचं आंबट, आणि कधी चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, मिळाली तर तिच्या नांगीवरून माझी आणि हरीदादाची मारामारी. हरीदादा, माझा सख्खा भाऊ, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, तेव्हा राहनाळला गोदामात कामाला लागलेला. गोदामात गेल्यापासून तो शहरी बोलायला लागला होता. आमच्या बोलीत 'ळ'ला फारसा मान नव्हता. हा मात्र प्रत्येक 'ळ' जिभेवर घोळवून उच्चारायचा, आणि आम्ही सगळे त्याची टर उडवायचो.

आमची खार, म्हणजे खाडीलगतची भातजमीन, सारी त्या एका बांधाच्या जिवावर. बांधाच्या आत भात, बाहेर समुद्राचं पाणी, आणि उधाणाच्या भरतीला ते बाहेरचं पाणी आतल्या भातापेक्षा उंच. नव्या माणसाला बांधावर उभं केलं की तो आधी एका बाजूला बघायचा, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग मुकाट्यानं खाली उतरायचा. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही तिथे धड काही उगवत नाही. जमीन पांढरी पडते, आणि जिभेला लावली तर खारट लागते. आम्ही पोरांनी लावून बघितलेली आहे.

त्या वर्षी मी अकरावीत होते, रिक्षानं भिवंडीच्या कॉलेजात जात होते. घरात वाद एकच चालला होता. राहनाळकडून एकेक गोदाम करत पत्रे आमच्या बाजूला सरकत होते आणि एका गोदामवाल्याला आमची खार हवी होती. जमीन बाबांच्या आणि काकाच्या नावावर सामाईक, एकट्याच्या सहीनं ती विकली जाणार नव्हती. काकाला विकायची होती. त्याला भिवंडीत, निजामपुऱ्यात, लूम टाकायचे होते. तो म्हणायचा, "दादूस, चिखलात आपला बा मेला, आपून पन मराचा कं?" बाबा ऐकत नव्हते. शेवटी गणपतीत, नातेवाईक जमलेले असताना, काकानं सगळ्यांच्या देखत विषय काढला आणि बाबा चिडून बोलून गेले, "यंदा खाऱ्या पान्यानं भात गेला त मी सही करीन. न्हाय गेला त परत इकाचा नाव काराचा न्हाय." बोललेला शब्द फिरवणारे बाबा नव्हते. काका फक्त म्हणाला, "बरा." मला त्या "बरा"चा इतका राग आला की मी त्याच्या ताटात वाढायला गेलेच नाही.

आणि बोलाफुलाला गाठ पडावी तसं झालं. विसर्जनानंतर बांधाला खांड पडली. चिंबोऱ्या बांध पोखरतात, त्यांच्या बिळांतून पाणी वाट काढतं आणि एक दिवस हातभर भोकाची बैलगाडी जाईल एवढी वाट होते. नशीब एवढंच की उधाण उतरत आलं होतं आणि तेव्हा पाऊस होता. आत शिरलेलं थोडं पाणी पावसानं धुऊन नेलं. पण पुढचं उधाण सर्वपित्री अमावास्येचं, वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. तोवर पाऊस सरलेला, भात निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला, आलेलं. तेव्हा पाणी शिरलं तर धुवायला काही नाही. मधले दिवस भांगाचे. भांगाला भरती दमानं येते, अर्ध्यावरून परत जाते. खांड बुजवायची ती भांगात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

खांड बुजवायची रीत अशी. ओहोटीला खाडीच्या पात्रातून चिखलाच्या ढेपा कापून आणायच्या, खांडीपाशी टाकायच्या, आणि सगळ्यांनी ओळीनं उभं राहून, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, त्या पायांनी तुडवायच्या. एकट्यानं तुडवायचं नाही, कारण चिखल पाय धरून ठेवतो आणि माणूस कंबरेत मोडतो. तुडवून तुडवून त्याचा भाकरीच्या पिठासारखा एकजीव गोळा झाला की तो खांडीत भरायचा आणि पुन्हा तुडवायचा. पूर्वी याला आळीच्या आळी लोटायची. त्या वर्षी माणसं कुठून आणायची? कोणाची गोदामात ड्युटी, कोणाची लूमवर शिफ्ट. त्यात पहिल्याच दिवशी ढेपा कापताना बाबांच्या तळपायात कालवाचं शिंपलं असं घुसलं की हाडापर्यंत चीर गेली. पाय बांधून ते ओटीवर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चिखलाबद्दल विचारत राहिले.

मग हरीदादा पुढे झाला. सुट्टी काढून गोदामातले तीन सोबती घेऊन आला. धिप्पाड माणसं, दिवसभर कापडाच्या गाठी उचलणारी. त्यांनी ढेपा कापल्या त्याही बघण्यासारख्या, चौकोनी, एका मापाच्या. आणि मग गोदामात गाठी रचतात तशा त्या खांडीत रचल्या. एक आडवी, एक उभी, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, प्रत्येक थर दाबून बसवायचा. "देख भाई, हिलेगी नहीं," असं म्हणत एक जण त्या भिंतीवर नाचून दाखवत होता. दोन दिवसांत काम फत्ते. आडवी दोन माणसं झोपतील एवढी रुंद आणि सूत लावून बघावं अशी सरळ भिंत आमच्या खाडीनं कधी पाहिली नव्हती. लोक मुद्दाम बघायला आले.

मी डबा घेऊन गेले तेव्हा एका कापलेल्या ढेपेकडे बघत किती तरी वेळ उभी राहिले. तोवर मी चिखल म्हणजे चिखल समजत होते. कोयत्यानं सरळ कापलेल्या त्या अंगावर काळपट निळ्या चिखलाची रेघ, तिच्यावर वाळूची फिकी रेघ, पुन्हा चिखल, पुन्हा वाळू. काही वाळूच्या रेघा बोटाएवढ्या जाड, मग हळूहळू बारीक होत दोऱ्याएवढ्या, आणि पुन्हा जाड. घरी येऊन बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "पानी धावतं तवा वालू टाकतं. उभा रायला का चिखल बसतं." आई चुलीपाशी तांदूळ गारत होती. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी हेलकावत तांदूळ पुढे जातात, खडे मागे राहतात. तिनं मान वर न करता म्हटलं, "खारी पन गारतेच." तिच्या तोंडी खाडीची 'खारी' व्हायची.

पुढे मी भूगोल शिकले, तीस वर्षं शिकवला, आणि फळ्यावर ही गोष्ट काढताना मला दर वेळी आईच ऐकू आली. भरती खाडीत जोरानं शिरते तेव्हा वाळू तळाशी घरंगळत येते आणि टाकली जाते. बारीक चिखलाला मात्र धावतं पाणी खाली बसू देत नाही. भरती भरून पाणी घटकाभर थबकलं की तो वाळूवर अलगद निवळून बसतो. ओहोटीला पुन्हा धाव, पुन्हा वाळू. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर, म्हणून वाळूचे थर जाड. भांगात पाणी मंद, म्हणून वाळू नावापुरती आणि चिखलच चिखल. पंधरवड्याची चढउतार अशी एकावर एक तळाशी नोंदली जाते. वर्गातल्या मुलांना हे ऐकून जांभया यायच्या. मला नाही यायच्या, कारण यातली एक गोष्ट मला फळ्यावर कळलेली नव्हती. चिखलातून पाणी जात नाही, वाळूतून जातं. ढेप जशीच्या तशी आडवी लावली तर तिच्यातला प्रत्येक वाळूचा थर म्हणजे बाहेरून आत जायची एक वाट. तुडवायचं ते या वाटा मोडण्यासाठी.

हे कारण घरात कोणी असं मांडून कधी सांगितलं नव्हतं, तशी गरजच पडली नव्हती. सगळे तुडवायचे म्हणून सगळे तुडवायचे. बाबांनी मात्र त्या संध्याकाळी एकच प्रश्न विचारला, "ढेपा तुडवल्या कं?"

"बाबा, गाठी काय तुडवतात? रचतात," दादा म्हणाला. "येऊन बघा तरी. सूत धरून रचल्यात."

बाबांनी मग काकाकडे बघितलं. काका दुपारी जाऊन भिंत पाहून आला होता, आणि बाबांइतकाच तोही बांधावर वाढलेला होता. काकानं तंबाखू मळत म्हटलं, "झकास हाय. गोदामवाल्यानं बगितली त पोराला मुकादम करल." दादा खूश झाला. पायामुळे बाबांना जाऊन बघता येत नव्हतं, त्यांनी भावाच्या शब्दावर भरवसा ठेवला. मला ते बोलणं आवडलं नव्हतं, पण कुठे खुपलं ते कळेना. नंतर मात्र कळलं, आणि मग मला त्या माणसाचं तोंड बघवेना.

उधाण चढायला लागलं आणि अमावास्येच्या आधीच भिंतीला आतून ओल आली. सर्वपित्रीच्या सकाळी घरात खीर शिजत होती, वडे तळले जात होते, गवार-भोपळ्याच्या भाजीचा वास सुटला होता, आणि कोणाचं लक्ष कशात नव्हतं. आमच्याकडे अमावास्येची मोठी भरती बरोबर भर दुपारी येते, म्हणजे पितरांचं पान ठेवायच्याच वेळेला. आईनं मला सांगितलं, "सुने, तुज्या बाला बोलव, पान ठेवाचा हाय." बाबा काठी टेकत कधीच बांधावर गेले होते. मी धावत गेले ती तिथेच राहिले.

बांधावर बाबा, दादा आणि मी. पलीकडे उघाडीपाशी काका एकटा उभा. तो कशाला आलाय ते मला स्पष्ट दिसत होतं. बाहेर पाणी भिंतीच्या वरच्या अंगाला टेकत होतं, त्यावर फेस आणि काड्या भिरभिरत होत्या. आत आमचं भात, नुकतं निसवलेलं, वाऱ्यानं हलत होतं. आणि भिंतीच्या आतल्या अंगाला, ढेपांमधल्या प्रत्येक फिक्या रेघेतून, पाणी झिरपत होतं. सांध्यांतून नव्हे. सांधे दादानं फार नीट बसवले होते. पाणी येत होतं ते ढेपांच्या पोटातून, सरळ आडव्या रेघांत. दादा बोटानं एक रेघ दाबायचा, पाणी दुसरीतून यायचं.

"निवल हाय," बाबा वाकून बघत म्हणाले. "पानी निवल हाय तवर भिवाचा काम न्हाय." निवळ पाणी म्हणजे नुसतं पाणी येतंय. गढूळ आलं म्हणजे पाण्याबरोबर भिंतही निघाली. भरती भरायला अजून बराच अवकाश होता. बाबांना पायावर धड उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. मी मनात म्हणत होते, हे सगळं काकाला हवं तसं चाललंय, आता फक्त त्यानं तिथे उभं राहून बघत राहायचं. आणि तो खरंच बघत होता, उघाडीकडून आमच्या बाजूला पावलापावलानं सरकत, नजर भिंतीच्या तळाशी. आम्ही तिघं वरच्या रेघा बघत होतो. खाली, भाताच्या पहिल्या ओळीच्या आड काय चाललंय ते आमच्यापैकी कोणाला दिसत नव्हतं.

"दादूस!" काका एकदम एवढ्यानं ओरडला की बगळे उठले. "गढूल झाला! खालून, खालून! पानी गढूल झाला!"

तो धावत आला तो सरळ आत शेतात उतरला आणि त्यानं कुदळ उचलली. "फोड, हरी! आतून फोड!"

"फोडली तर हाय ती पण जाईल!" दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. घाबरलेला तर होताच, पण आपली भिंत कोणी मोडतंय हे त्याला सोसत नव्हतं. त्यानं बाबांकडे बघितलं. "बाबा, याला तेच हवंय!"

माझ्या मनातही तेच होतं, आणि बाबांच्याही मनात आलं असणार. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला जमीन बुडाली तर ज्याचं भलं होणार तो भाऊ, हातात कुदळ घेऊन. मग बाबा भिंतीच्या तळाशी वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं आणि म्हणाले, "फोड."

पहिला घाव काकानं घातला. भिंतीची आतली अर्धी जाडी वरून खाली ओढून काढायची, तुडवायची आणि तुडवलेला गोळा उतारानं परत भिंतीला चढवायचा, तोवर बाहेरच्या अर्ध्यानं पाणी पेलायचं. पेललं तर. दादानं शेवटी स्वतःच्या हातानं ढेपा खाली खेचल्या. तो रडत होता आणि खेचत होता. काकाची ओरड घरापर्यंत गेली होती. आई आणि काकी साड्या खोचून धावत आल्या, पितरांचं पान घरी तसंच राहिलं. बाबांनी जखमेच्या पायानिशी चिखलात उडी घेतली. आई ओरडली, "पाय!" पण त्यांनी ऐकलं नाही आणि तिनंही दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ओळ झाली. मी जिथे उभी राहिले तिथे माझ्या शेजारी काका आला. खांद्यावर हात टाकल्याशिवाय तुडवता येत नाही. मी टाकला नाही. पहिल्याच पावलाला माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि मी तोंडावर पडणार, तोच त्यानं माझा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. "धर सुने, नाटका नको करू," म्हणाला. मी धरला.

किती वेळ तुडवत होतो, सांगता येणार नाही. पायाखाली आधी वाळूची कचकच लागायची, मग चिखल, मग वाळू, आणि तुडवत गेलं की दोन्ही हरवून एकच जड, गुळगुळीत काहीतरी व्हायचं. ते झालं की दादा आणि काका फावड्यानं उचलून भिंतीवर थापायचे आणि आम्ही पुन्हा तुडवायचो. बाहेरच्या अर्ध्या भिंतीतून गढूळ धार मनगटाएवढी झाली, आणि भाताच्या पहिल्या दोन-तीन ओळी पाण्यात गेल्या. काकी देवाचं नाव घेत होती. त्या धारेवर काकानं एक मोठा गोळा थापला आणि त्यावर स्वतः पाठ लावून बसला. "टाक! माझ्यावर टाक!" दादानं टाकला. काकाच्या मांडीपर्यंत, छातीपर्यंत चिखल चढला. धार बारीक झाली. मग नुसती ओल राहिली. आणि मग बांधावरच्या फेसाची रेघ वीतभर खाली आलेली आईला दिसली. "फिरली," ती म्हणाली. बाबा तिथेच चिखलात बसले.

काकाला आम्ही उपसून काढलं. अमावास्येनंतरचे दोन दिवस पाणी आणखी चढतं, त्यामुळे ओहोटी लागताच उरलेली भिंतही दादानंच पाडली, आणि ती तुडवायला ड्युटीवरून परतलेली निम्मी आळी उतरली. पुढची उधाणं त्या बांधानं झेलली. भात कापून घरी आलं. बाबांचा पाय मात्र महिनाभर सुजलेला होता आणि पुढे थंडीत दुखायचा तो कायमचाच. काकानं शब्दाप्रमाणे परत नाव काढलं नाही. बाबा होते तोवर तरी नाही. ते गेल्यावर वाटणी झाली, त्यानं आपला भाग विकला, निजामपुऱ्यात लूम टाकले, आणि आज त्याच्या भागावर गोदाम उभं आहे. दादा खरंच मुकादम झाला. बाबांच्या अर्ध्या तुकड्यावर अजून भात लागतं, गोदामाच्या पत्र्याची सावली त्यावर दुपारनंतर पडते.

लूमच्या खडखडाटात काकाचे कान गेले. शेवटच्या आजारपणात मी त्याला निजामपुऱ्यात भेटायला गेले, आणि जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं, त्यामुळे साऱ्या घरानं ऐकलं. "काका, तुला जमीन विकायचीच होती ना? नुसता गप्प राहिला असतास तर मिळाली असती. मग ओरडलास का?"

त्यानं उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग तो म्हणाला, "भिंत बगितली तवा मी गप रायलो, ता खरा हाय. ता मी मुद्दाम रायलो." थोडा थांबला, धाप लागली होती. "पन पानी गढूल झाल्यावर मानूस इच्यार करून वरडतं कं, सुने?"